गोव्यातल्या घराचा हिशेब: लग्नाच्या नोंदणीपासून इन्व्हेंटरीपर्यंत

आर्थिक नियोजनावरचे बहुतेक मराठी लेख पुण्या-मुंबईच्या पगारदाराला समोर ठेवून लिहिलेले असतात. दर महिन्याच्या एक तारखेला पगार, नवऱ्याची कमाई नवऱ्याची, बायकोची बायकोची, आणि गेल्यावर जे काही आहे ते मृत्युपत्रात लिहू त्याला. फोंडा, डिचोली किंवा पेडण्यातल्या घराला हा साचा बसत नाही. इथे लग्न झालं की मालमत्ता कायद्याने दोघांची होते, आणि बऱ्याच घरांत पैसा बारा महिने येत नाही, आठच महिने येतो. या दोन गोष्टी धरून आखणी केली नाही तर विमा, एसआयपी, पीपीएफ सगळं नीट असूनही वीस वर्षांनी घर मामलेदार कचेरीच्या आणि कोर्टाच्या पायऱ्या चढताना दिसतं. म्हणून सुरुवात कायद्यापासून करू.

लग्नाच्या सहीबरोबर काय ठरतं

गोव्यात विवाहाची नोंदणी तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे दोन टप्प्यांत होते. आधी इच्छेची नोंद, मग काही दिवसांनी पक्की सही. दुसरी सही राहून गेली तर लग्न समारंभाने झालेलं असलं तरी कागदावर अपुरं राहतं, आणि ते कळतं पेन्शनच्या किंवा वारसाच्या वेळी. पक्क्या नोंदणीचा दाखला हातात घेऊन घरच्या फायलीत सर्वांत वर ठेवायचा.

लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतली सामाईक मालमत्तेची पद्धत आपोआप लागू होते. लग्नाआधीची, नंतर कमावलेली, वारसाहक्काने आलेली अशी जवळजवळ सगळी मालमत्ता एका राशीत जाते आणि त्यात दोघांचा अर्धा-अर्धा वाटा असतो. स्थावर मालमत्ता विकायची तर दोघांच्या सह्या लागतात, सातबाऱ्याच्या जागी इथे असलेल्या फॉर्म एक-चौदावर नाव एकाचंच असलं तरी. वेगळी पद्धत हवी असेल, समजा एकाचा धंदा जोखमीचा आहे किंवा दुसरं लग्न आहे आणि पहिल्या लग्नाची मुलं आहेत, तर करार लग्नाच्या आधीच करावा लागतो. नंतर पद्धत बदलता येत नाही. हा विषय मुलाकडच्यांनी काढला की मुलीकडच्यांना राग येतो आणि उलटही, म्हणून वकिलाने दोन्ही घरांना एकत्र बसवून समजावणं बरं.

लग्नानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत उरकायची कामं: दोघांची पॅन आणि आधार नावं जुळवणं (गोव्यात लग्नानंतर बायकोचं पहिलं नावही बदलण्याची रीत काही घरांत अजून आहे, आणि मग प्रत्येक कागदावर वेगळी बाई दिसते), एक संयुक्त खातं, पीएफमध्ये नवं नामनिर्देशन. लग्न झालं की पीएफचं आई-वडिलांच्या नावे केलेलं जुनं नामनिर्देशन रद्द ठरतं. हे बहुतेकांना माहीत नसतं.

आयकरातला अर्धा वाटा: हा फायदा कित्येक घरं सोडून देतात

१९६१च्या आयकर कायद्यातलं कलम ५ए फक्त गोवा, दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीसाठी आहे. सामाईक मालमत्तेची पद्धत लागू असलेल्या जोडप्याचं पगाराखेरीजचं उत्पन्न, म्हणजे घरभाडं, धंद्याचा नफा, ठेवींचं व्याज, भांडवली नफा, दोघांत समान वाटून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचं. पगार मात्र कमावणाऱ्याचाच. २०२५च्या नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद ठेवलेली आहे.

फरक किती पडतो ते आकड्यांत बघू. नवऱ्याचा पगार ११ लाख, त्याच्या नावावरच्या दोन खोल्यांचं वर्षाचं भाडं ४ लाख, बायको घर सांभाळते. आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली. पगारातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की उरतात १०.२५ लाख. भाड्यातून ३० टक्के वजा जाऊन उरतात २.८० लाख. सगळं नवऱ्याच्याच नावे दाखवलं तर एकूण उत्पन्न १३.०५ लाख, कर ७५,७५० आणि त्यावर चार टक्के उपकर धरून ७८,७८० रुपये. आता कायद्याप्रमाणे भाडं वाटा: नवऱ्याकडे १०.२५ अधिक १.४० म्हणजे ११.६५ लाख. बारा लाखांच्या आत असल्यामुळे सवलत मिळून कर शून्य. बायकोचं १.४० लाख, तिथेही कर शून्य. ७८,७८० रुपये दर वर्षी, आणि हे काही पळवाट शोधून केलेलं नाही. अर्धं वाटणं हाच इथला नियम आहे.

करायचं कसं:

१. विवरणपत्रात 'पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे का' या प्रश्नाला 'होय' म्हणायचं आणि जोडीदाराचा पॅन भरायचा.
२. आयटीआर-१ चालत नाही. वाटायचं उत्पन्न असेल तर आयटीआर-२, धंदा असेल तर आयटीआर-३.
३. शेड्यूल ५ए मध्ये कोणत्या सदरातलं किती उत्पन्न आणि त्यावर कापलेला टीडीएस किती जोडीदाराकडे गेला ते लिहायचं.
४. जोडीदारानेही तेवढंच उत्पन्न आणि तेवढाच टीडीएस दाखवून विवरणपत्र भरायचं.

बिघडतं ते चौथ्या पायरीवर. नवरा अर्धं व्याज बायकोकडे वळवतो आणि बायकोचं विवरणपत्र भरलंच जात नाही. संगणकाला अर्धं उत्पन्न हरवलेलं दिसतं आणि नोटीस येते. गोव्याबाहेरच्या सल्लागाराकडून विवरणपत्र भरून घेणाऱ्यांच्या बाबतीत दुसरीच चूक होते: त्याला ५ए ठाऊक नसतं, तो सगळं एकाच्याच नावावर टाकतो. विवरणपत्र भरून देणाऱ्याला पहिल्याच भेटीत हा एक प्रश्न विचारावा. उत्तर देताना तो अडखळला तर दुसरा शोधा.

आठ महिन्यांची कमाई, बारा महिन्यांचं घर

टॅक्सी, शॅक, होमस्टे, जलक्रीडा, किनाऱ्यावरचं दुकान: पैसा ऑक्टोबर ते मे. मासेमारीच्या यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी. काजूवाल्याचा हंगाम त्याहून आखूड. आणि खर्च नेमके पावसातच उभे राहतात: जूनमध्ये शाळा, घर शाकारणं, गाडीचं काम, मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी.

अशा घराने महिन्याचं बजेट करून उपयोग नाही, वर्षाचं करायला हवं. टॅक्सीवाल्याच्या घराचं उदाहरण घ्या. डिझेल, देखभाल, गाडीचा हप्ता वजा जाता हंगामात सरासरी महिन्याला ५५,००० हातात राहतात. आठ महिन्यांचे ४,४०,०००. त्याला बाराने भागलं की ३६,६६६. म्हणजे या घराचा खरा पगार ३६,००० आहे, ५५,००० नाही. हंगामात दर महिन्याला ३६,००० घरखर्चाच्या खात्यात टाकायचे आणि १९,००० वेगळ्या खात्यात, ज्याचं एटीएम कार्ड आणि यूपीआय दोन्ही काढलेलंच नाही. मे अखेर तिथे १,५२,००० जमतात. जून ते सप्टेंबर त्यातून महिन्याला ३६,००० घ्यायचे: १,४४,०००. आठ हजार शिल्लक.

हिशेब काठावरचा आहे हे दिसतंच. म्हणून चवथ, गाडीचा विमा आणि शाळेची फी ३६,००० च्या आतच बसवायची. चवथीचा खर्च गेल्या वर्षी किती झाला ते माटोळीपासून पाहुण्यांच्या जेवणापर्यंत एकदा लिहून काढा. तो ४८,००० निघाला तर दर महिन्याचे चार हजार चवथीचे. लिहून काढणारे थोडे, आणि चवथ झाल्यावर सोनं गहाण टाकणारे बरेच.

पावसाळी खातं म्हणजे संकटनिधी नव्हे. पाऊस दर वर्षी येतो, ते संकट नाही. संकटनिधी त्याच्याखेरीज हवा: सरकारी नोकरी असेल तर तीन महिन्यांचा खर्च, वेर्णा-कुंडईच्या कारखान्यात कंत्राटी असाल तर सहा, पर्यटनावर घर चालत असेल तर नऊ. नऊ हा आकडा उगाच नाही. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, पुन्हा सुरू होऊन मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत थांबल्या, आणि ट्रकांचे हप्ते मात्र कोणी थांबवले नाहीत. २०२० मध्ये तीच वेळ पर्यटनावर आली. नवऱ्याची टॅक्सी, बायकोचा होमस्टे आणि धाकट्याची भाड्याची दुचाकी असं तिन्ही पर्यटनावर असेल तर ते घर तीन उत्पन्नांचं दिसलं तरी एकाच उत्पन्नाचं आहे. घरात निदान एक कमाई पर्यटनाबाहेरची असावी, लहान असली तरी.

विमा: आधी हा, गुंतवणूक नंतर

टर्म विम्याची (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या साध्या विम्याची) रक्कम 'एक कोटी घ्या' अशी ठोकून द्यायची नसते, ती मोजता येते. घरखर्च महिन्याला ३२,०००, त्यातला कमावत्याचा स्वतःचा ७,०००. उरले २५,०००, वर्षाचे ३ लाख. धाकटं मूल सहा वर्षांचं, ते चोवीसचं होईपर्यंत १८ वर्षं: ५४ लाख. (पैसे ठेवीत वाढतील आणि महागाई तेवढंच खाईल असं धरलं आहे.) त्यात घरकर्ज २२ लाख, शिक्षण १५ लाख मिळवा: ९१ लाख. पीएफ आणि ठेवी मिळून ११ लाख आहेत ते वजा करा. ८० लाखांचा विमा हवा. मुदत निवृत्तीच्या वयापर्यंत, पंचाऐंशीपर्यंत नको. त्या वयात तुमच्या कमाईवर कोणी अवलंबून नसतं.

वर्षाला तीस हजारांच्या आसपास हप्ता भरून सहा लाखांचं संरक्षण देणारी जुनी पॉलिसी जवळपास प्रत्येक घरात असते, बहुधा नात्यातल्याच एजंटने दिलेली. तिच्याकडे विमा म्हणून बघू नका. पाच-सात हप्ते राहिले असतील तर पूर्ण करा, नुकतीच घेतली असेल तर सोडून देण्याचं मूल्य किती ते लेखी विचारा. टर्म पॉलिसी हातात आल्याशिवाय मात्र जुनी बंद करू नका.

कमीत कमी म्हणून जनधनबरोबरचे दोन विमे प्रत्येकाने ठेवावेत: ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवनविमा (१८ ते ५० वयात प्रवेश) आणि २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा (१८ ते ७० वय). दोन्ही हप्ते मे अखेरीच्या सुमारास खात्यातून कापले जातात. त्या दिवशी खात्यात पैसे नसले की विमा संपतो. हंगामी घरांत नेमकं तेव्हाच खातं आटत आलेलं असतं.

आरोग्यासाठी पाया म्हणून राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, २०१६ पासून: तीन सदस्यांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा अधिक असतील तर चार लाख. पाच वर्षं गोव्यात राहिलेल्यांसाठी. कार्डाचं नूतनीकरण वेळेवर करणं आणि नव्या सुनेचं, जन्मलेल्या मुलाचं नाव चढवणं ही दोन कामं चुकतात. योजना ठराविक उपचारांच्या यादीवर चालते, यादीबाहेरचं काही निघालं तर बांबोळीचं गोमेकॉ (सरकारी गोवा वैद्यकीय महाविद्यालय) किंवा स्वतःचा खिसा. मुंबई, बेळगाव, मणिपालला न्यावं लागेल असे आजार लक्षात घेऊन वर दहा लाखांची खासगी फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच रक्कम असलेली) पॉलिसी असावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि जीवनविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, त्यामुळे 'हप्ता परवडत नाही' हे कारण थोडं हलकं झालं आहे. घेताना खोलीभाड्यावर मर्यादा आहे का ते पाहा. ती असेल तर मोठ्या खोलीत राहिल्यावर डॉक्टरांच्या फीपासून सगळंच बिल त्या प्रमाणात कापलं जातं. साखर-रक्तदाब लपवू नका. आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची असू शकते, खोटं सांगून नाकारलेला दावा मात्र कायमचा नाकारलेला. घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल तर केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा: ५ लाख, उत्पन्नाची अट नाही.

पैसा ठेवायचा कुठे

गावातली क्रेडिट सोसायटी बँकेपेक्षा टक्का-दीड टक्का जास्त देते, चेअरमन ओळखीचा असतो, मॅनेजर घरी येऊन पासबुक भरतो. ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांचं संरक्षण मात्र फक्त बँकांना आहे, सोसायटीला नाही. रिझर्व्ह बँकेने म्हापसा अर्बनचा परवाना २०२० मध्ये आणि मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये रद्द केला तेव्हा ठेवीदारांना निदान या विम्याचा आधार होता. सोसायटीत ठेवायचेच असतील तर एकूण बचतीच्या दहा टक्क्यांवर जाऊ नका, आणि मुलीच्या लग्नाचे तर ठेवूच नका. भिशीचंही तेच.

बँकेतही ५ लाखांची मर्यादा माणसागणिक, बँकेगणिक आहे आणि त्यात व्याज धरलं जातं. सहकारी बँकेत साडेचार लाखांवर थांबा.

पीपीएफ किंवा सुकन्या खात्यात पैसे महिन्याच्या पाच तारखेच्या आत टाका. व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर मिळतं. सहा तारखेला टाकले की तो महिना वाया. हंगामी घराने वर्षाचे पैसे पाच एप्रिलच्या आत एकदम टाकावेत, तेव्हा हातात असतातही.

पीएफच्या बाबतीत सर्वांत मोठं नुकसान घडतं ते नोकरी बदलताना. औद्योगिक वसाहतींत दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलते आणि प्रत्येक वेळी पीएफ काढून मोबाईल, दुचाकी किंवा चवथ होते. पेन्शनला एकूण दहा वर्षांची जोडलेली सेवा लागते, पेन्शनचा भागही काढला की मोजणी शून्यावर येते. पाच वर्षांच्या आत काढला तर करही लागतो. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) एकच ठेवा, पैसे हलवा, काढू नका.

म्युच्युअल फंडाच्या एसआयपीबद्दल सगळे सांगतात, म्हणून इथे एवढंच: महिन्याला १०,००० पंचवीस वर्षं, दहा टक्के परतावा धरला तर सुमारे १ कोटी ३३ लाख होतात. सात वर्षांच्या आत लागणारा पैसा तिथे नको. हंगामी कमाई असेल तर बारा महिन्यांची एसआयपी लावून ती जुलैत परत येऊ देण्यापेक्षा आठ महिन्यांची लावा. बहुतेक फंडांत ती काही काळ थांबवताही येते.

मुलं

मुलगी दहा वर्षांची होण्याआधी सुकन्या समृद्धी उघडा. सध्या ८.२ टक्के आहे, दर तिमाहीला आढावा होतो. वर्षाला ६०,००० पंधरा वर्षं भरले आणि दर तोच राहिला तर एकविसाव्या वर्षी साधारण २८ लाख ७० हजार. एक मेख आहे: मुदत मुलीच्या वयाची नव्हे, खात्याची एकवीस वर्षं. नवव्या वर्षी उघडलं तर ती तीस वर्षांची होईल. अठराव्या वर्षी शिक्षणासाठी आधीच्या वर्षाच्या शिलकेच्या निम्म्यापर्यंत काढता येतात.

राज्याची लाडली लक्ष्मी योजना अठरा पूर्ण झालेल्या मुलीला एक लाख देते, गृह आधार महिन्याला १,५००, वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या गृहिणीला. अर्ज जरूर करा. पण हिशेब त्यावर उभारू नका: मंजुरी आणि पैसे यांच्यात किती महिने जातील ते आपल्या हातात नसतं, आणि लग्नाची तारीख थांबत नाही.

उच्च शिक्षणाला गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज आधी पाहा, मग बँक. मुलाच्या एमबीएसाठी निवृत्तीचा पीएफ उपसणं ही चूक बापाला साठाव्या वर्षी कळते. शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला मिळत नाही.

घर

वडिलोपार्जित जागेत वर मजला चढवायचा, खर्च धाकट्या मुलाने करायचा. गोव्यातल्या घरांत सर्वांत जास्त भांडणं इथूनच निघतात. घरपट्टी त्याच्या नावे, वीजमीटर त्याचा, पैसे त्याचे. यातलं काहीच मालकीचा पुरावा नाही. वडील गेल्यावर जमीन सगळ्या वारसांची, आणि सामाईक मालमत्तेमुळे बहिणीबरोबर तिच्या नवऱ्याचाही वाटा त्यात येतो. वीट रचण्याआधी वडील हयात असताना वाटणीचा किंवा दानाचा नोंदणीकृत दस्त करा. बँकही त्याशिवाय कर्ज देत नाही.

मुंडकाराचं (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) घर असेल तर आधी मामलेदाराकडे खरेदीचा अर्ज: १९७५च्या कायद्याप्रमाणे पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत, नगरपालिका क्षेत्रात २०० पर्यंत. खरेदीचा दाखला आल्यावरच ते घर तारण ठेवता येतं.

विकत घेताना बघायचे कागद: तीस वर्षांचा मालकीचा मागोवा, आधीच्या पिढीची इन्व्हेंटरी (मृताच्या मालमत्तेची वारसांत वाटणी करणारी कोर्टातली कारवाई) किंवा वारसाचा दस्त, सगळ्या वारसांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या, सर्व्हे आराखडा, झोनिंगचा दाखला, रूपांतराची सनद, बोजा नसल्याचा दाखला. फॉर्म एक-चौदावर नाव आहे म्हणून मालक ठरत नाही. ज्यांचे वारस बाहेर किंवा परदेशात आहेत अशा जमिनी खोट्या कागदांनी विकल्या गेल्या म्हणूनच २०२२ मध्ये राज्याला विशेष तपास पथक नेमावं लागलं.

२५ लाखांचं कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं: हप्ता सुमारे २१,७००. हंगामी घराने दर मे महिन्यात एक जादा हप्ता मुद्दलात भरला तर मुदत तीन वर्षांहून अधिक कमी होते. बदलत्या दराच्या घरकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व भरण्याचा दंड नाही.

तारवटी आणि आखातातले

जहाजावरचा पगार करारापुरता. दोन करारांच्या मधले महिने धरून तोही वरच्यासारखाच बाराने भागावा. परदेशी कंपनीकडून पीएफ नसतो, म्हणून निवृत्तीची सोय पहिल्या करारापासून स्वतः करावी लागते. वर्षात भारतात किती दिवस राहिलात त्यावर अनिवासीपण ठरतं, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या प्रती दर वर्षी काढून ठेवा. साधं बचत खातं एनआरओ (अनिवासीचं भारतातल्या उत्पन्नाचं खातं) करून घ्यायला हवं, पगार एनआरईत (परदेशातल्या कमाईच्या खात्यात). अनिवासी झाल्यावर नवं पीपीएफ उघडता येत नाही, आधीचं मुदतीपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही.

पोर्तुगीज पासपोर्टकडे वळणाऱ्यांनी पैशाच्या बाजूनेही विचार करावा: परकीय नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, आणि ओसीआय कार्डावर शेतजमीन किंवा कुळागर (पोफळी-माडांची बाग) विकत घेता येत नाही. वारशाने मात्र येऊ शकतं.

पन्नाशीनंतर

पन्नाशीत नवं कर्ज नको, मुलाच्या धंद्याला जामीनही नको. निवृत्तीच्या तीन वर्षं आधी पहिल्या पाच वर्षांचा खर्च शेअरबाजारातून ठेवींत आणा. साठीला ज्येष्ठ नागरिक बचत योजना: प्रत्येकी ३० लाखांपर्यंत, सध्या ८.२ टक्के, म्हणजे ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५००. हेही व्याज दोघांत वाटूनच दाखवायचं. उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांसाठी दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २,००० आहेत, हयातीचा दाखला वर्षाला द्यावा लागतो.

घर मुलाच्या नावे करून मोकळं होण्याची घाई अनेकांना असते. दान करायचंच तर हयातभर राहण्याचा आणि वापराचा हक्क दस्तात राखा, आणि सांभाळ करण्याची अट स्पष्ट लिहा. ती लिहिलेली असेल तरच २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली दान रद्द करून मागता येतं.

मृत्युपत्र, वारस, वाटणी

इथे २०१२चा गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कायदा लागू होतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गोमंतकीयाच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही इथलाच वारसा कायदा लागतो, म्हणजे पुण्यातला फ्लॅटसुद्धा.

जोडप्याची एकूण मालमत्ता १ कोटी २० लाख धरा: घर ८० लाख, ठेवी ४० लाख. नवरा गेला. ६० लाख बायकोचे स्वतःचेच, तो वारसा नव्हे. उरलेल्या ६० लाखांपैकी निम्मे, ३० लाख, मुलांचा राखीव हिस्सा. त्याला मृत्युपत्राने हात लावता येत नाही, एखाद्या मुलावर राग असला तरी. मोकळे फक्त ३० लाख. मृत्युपत्र नसेल तर तेही मुलांकडे समान जातात, कारण मुलं असताना विधवेला अर्ध्या वाट्यापलीकडे वारसा मिळत नाही. म्हणून गोव्यात मृत्युपत्राचं पहिलं काम म्हणजे मोकळा हिस्सा जोडीदाराला देणं. तिचे ६० आणि हे ३० मिळून ९० लाख झाले की ८० लाखांचं घर वाटणीत तिच्याकडे राहू शकतं. नाही तर मुलांनी वाटा मागितला की तिचं राहतं घर विकण्याची वेळ येते. मृत्युपत्र उपनिबंधक कार्यालयात विशेष नोटरीपुढे, दोन साक्षीदारांसह करायचं. दोघांनीही, आपापलं स्वतंत्र.

नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. बँक तिला पैसे देते, वारसांचा हक्क तसाच राहतो.

मृत्यूनंतर पहिल्या महिन्यात मृत्यूदाखल्याच्या दहा-बारा प्रती काढा, विम्याचे दावे टाका, पेन्शन बदलून घ्या. मग विशेष नोटरीकडे वारसांचा दस्त. मालमत्ता वाटायची तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी. ती 'आई आहे तोवर नको' म्हणून पुढे ढकलली जाते. पाच भावंडांच्या पाच आणि जोडीदारांच्या पाच मिळून दहा सह्या, पुढच्या पिढीला त्याच तीस-चाळीस होतात, त्यातल्या काही लिस्बन, लंडन, मस्कतमध्ये. परदेशातल्या वारसाकडून मुखत्यारपत्र आणायचं तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा अपोस्टिल (परदेशी कागदाच्या खरेपणाचा तिथल्या सरकारचा शिक्का) केलेलं असावं, त्यात सर्व्हे क्रमांक आणि 'इन्व्हेंटरीत हजर राहणे, बोली लावणे, वाटा स्वीकारणे' हे अधिकार नाव घेऊन लिहिलेले असावेत, आणि त्याच्या जोडीदाराचंही वेगळं मुखत्यारपत्र हवं. दुसरं राहिलं की काम त्याच एका सहीसाठी अडून बसतं.